अभिमान कुणावर?

त्या वर्षी दुर्गापूजेच्या तोंडावर नद्यांनी बंधारे फोडले आणि दक्षिण बंगालचा मोठा भाग पाण्याखाली गेला. कोलकात्यातही आमच्या गल्लीत कमरेएवढे पाणी होते. ते ओसरताच शहराला दोन गोष्टींची एकदमच घाई झाली: पूजेचे मांडव उभारण्याची आणि पूरग्रस्तांना मदत पोहोचवण्याची. मांडवांचे काम अधिक नेटके झाले, कारण त्याचा सराव दरवर्षीचा होता.

मी तेव्हा मानसशास्त्रात एम.एस्सी. होऊन नुकतीच मोकळी झाले होते. विज्ञान शाखेतली एम.एस्सी., हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगत असे, कारण ऐकणारा हटकून ‘म्हणजे हात बघता का?’ असे विचारी. वडील केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते आणि त्यांच्या बदलीबरोबर आम्ही काही वर्षांपूर्वी पुण्याहून इथे आलो होतो. परदेशी शिष्यवृत्ती मिळवायची, परत येऊन या देशातल्या माणसांना मन असते हे सिद्ध करायचे आणि हे सारे तिशीच्या आत उरकायचे, अशी माझी साधीशी योजना होती. पुराने मला विषय आयता दारात आणून दिला. त्याबद्दल मी पुराचे आभार तेवढे मानले नाहीत, कारण तशी पद्धत नाही.

आमच्या मराठी मंडळाने बागबाजारातल्या एका शाळेत आश्रय घेतलेल्या कुटुंबांची जबाबदारी उचलली. मराठ्यांना अडवण्यासाठी या शहराने एके काळी जिथून खंदक खणायला घेतला, त्याच टोकाला आम्ही आता घोंगड्या आणि पोह्यांची पोती घेऊन उतरलो. बंगालात अजूनही हट्टी मुलाला झोपवताना आमच्या पूर्वजांची भीती घातली जाते. मंडळातल्या फार थोड्यांना बंगाली येत असल्यामुळे ही गोष्ट कुणाला कळली नाही आणि सेवेचा उत्साह टिकून राहिला.

घोंगड्या, पोहे आणि पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या यांची व्यवस्था झाल्यावर मी बैठकीत विचारले की या माणसांच्या मनाचे काय. घर, गुरे, काहींची माणसे गेलेली. त्यांच्याशी कसे बोलावे हे स्वयंसेवकांना कुणीतरी शिकवायला नको का? मग अध्यक्षांनी समंजसपणे सांगितले की मंडळाकडे भजनाची पेटी आहेच. शेवटी ‘जी काही सोय उपलब्ध असेल ती शोधावी’ असा ठराव झाला आणि शोधण्याचे काम, अर्थातच, विचारणारीवर पडले.

शोधाची सुरुवात मी एस्प्लनेडजवळच्या एका सरकारी कचेरीपासून केली. भुयारी रेल्वेसाठी रस्ता खणून ठेवलेला होता. फळ्यांवरून तोल सावरत मी त्या इमारतीपर्यंत पोहोचले, आणि लोडशेडिंगमुळे लिफ्ट बंद असल्याने उरलेला तोल जिन्यावर घालवला. मदत वाटपाच्या टेबलामागचे गृहस्थ अत्यंत सौजन्याने वागले. काय हवे, असे त्यांनी विचारले. मानसिक आधार आणि तो कसा द्यावा याचे प्रशिक्षण, असे मी म्हणाले. त्यांनी लेखणी उचलली, जरा विचार केला आणि म्हणाले की त्यांच्याकडे दोनच मुख्य सदरे आहेत, कोरडे अन्न आणि शिजवलेले अन्न. माझी वस्तू कशात घालू? दोन्हींत बसत नाही म्हटल्यावर ते खरोखर खिन्न झाले. अखेर ‘इतर’ नावाचे सदर सापडले. त्या सदराखाली आम्हाला आठवड्याभरात काथ्याच्या दोरखंडाचे एक वेटोळे आणि काही झाडू मिळाले. मानसिक आधाराच्या नावाने सरकारदरबारातून काही पदरात पाडून घेणारी त्या शहरातली मी बहुधा पहिलीच.

मग मी एका रुग्णालयातल्या मनोविकारतज्ज्ञांकडे गेले. दमलेला, सभ्य माणूस. बाहेर बाकांवर गर्दी होती. ते म्हणाले, “माझ्याकडे पूर न येताच बुडालेली माणसं इतकी आहेत की पुराकडे बघायला सवड नाही.” ग्रंथालयात एक जुनी परदेशी पुस्तिका मिळाली, बॉम्बहल्ल्याच्या काळातली. घाबरलेल्या नागरिकाला गरम चहा द्यावा, त्याचे नाव विचारावे आणि सरकार सर्व काही करत आहे असे सांगावे, असा तिचा सारांश. पहिल्या दोन गोष्टी आम्हाला जमण्यासारख्या होत्या.

तज्ज्ञ मिळाला तो शेवटी आपल्यातलाच. फौजेतून निवृत्त होऊन बराकपूरला स्थायिक झालेले एक मराठी डॉक्टर. त्यांनी सैनिकांचे धक्के हाताळले होते आणि धक्क्यांनीही त्यांच्यापुढे सावधान उभे राहून शिस्त पाळली असावी, असा त्यांचा आविर्भाव होता. ते सकाळच्या गाडीने सियालदाला उतरत, बागबाजारात येत आणि पोहोचताच घड्याळाकडे बघून आम्हाला वेळेचे महत्त्व सांगत. त्यांनी आम्हाला प्रशिक्षण दिले. त्यातला बराचसा वेळ पट्ट्या बांधण्यात गेला. बँकेतल्या एका अधिकाऱ्यांच्या पत्नीने दुसरीचा हात इतक्या मनापासून बांधला की चहाच्या वेळी तो सोडवताना कात्री आणावी लागली. उरल्या वेळात मन उरकले. रडणाऱ्याबरोबर रडू नये, न बोलणाऱ्याला बोलते करू नये आणि ज्याला झटका आला आहे त्याला नातेवाइकांपासून दूर ठेवावे, कारण नातेवाईक रोग्याला नाटके करायला शिकवतात. आम्ही हे वह्यांत उतरवून घेतले. प्रशिक्षण संपन्न झाले.

त्याच आठवड्यात त्या प्रशिक्षणाला एक रोगी मिळाला.

शाळेच्या सातवीच्या वर्गात एका खेड्यातले जोडपे राहत होते. बाई चाळिशीची, नवरा थोडा मोठा, मूलबाळ नाही. आल्या दिवसापासून बाईने कुणाशी शब्द काढला नव्हता. जेवणाच्या वेळी खिचडी पुढे आली की ती पान सरकवून भिंतीकडे तोंड करी. शेजारच्या पोरांनी हातात कोंबलेल्या मुरमुऱ्यांवर ती कशीबशी तगली होती. गालफडे बसली होती. रोगी तपासून टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, कारण विज्ञान शाखा आणि बंगाली या दोन्ही गोष्टी माझ्याकडे आहेत अशी मंडळाची समजूत होती.

माझ्या बंगालीबद्दल इथे दोन शब्द सांगायला हवेत. मी ती भाषा सूत्राने शिकले होते. मराठीतला संस्कृत शब्द घ्यावा, ‘अ’चा ‘ओ’ करावा, ‘व’चा ‘ब’ करावा, तोंड किंचित गोल ठेवावे. समोरचा माणूस बंगाली समजून घेतो. सूत्र इतके छान चालत असे की बंगाली ही वेगळी भाषा आहे यावरचा माझा विश्वास हळूहळू उडत चालला होता.

बाई बोलत नसल्याने मी नवऱ्याला विचारले. त्याने सरळ सांगितले. पाणी चढू लागले तेव्हा त्याने आधी गाभण गाय सोडली आणि तिला बांधावर नेऊन बांधले. बायको छपरावर होती. परत येईपर्यंत मधला रस्ता वाहून गेला होता. तिला नंतर दुसऱ्याच कुणाच्या नावेने उतरवले. गाय वाचली, बायको वाचली; गाय भावाकडे आहे, बायको ही अशी आहे. का बोलत नाही, असे मी विचारले तेव्हा तो खाली बघत म्हणाला, “आमार ओपोर ओभिमान कोरे आछे.”

सूत्र लावले: अभिमान. ‘आमार ओपोर’ म्हणजे ‘माझ्यावर’, ते वाक्यात कुठे बसेना, म्हणून मी ते खेडवळ बोलण्याचा भाग समजून गाळले आणि टिपणात लिहिले: पतीच्या सांगण्यानुसार रुग्ण अत्यंत अभिमानी.

डॉक्टरांना हे वाक्य फार आवडले. अभिमान, अन्नाचा अव्हेर, इतरांशी बोलणे कमीपणाचे वाटणे. त्यांनी बोटांवर मोजून दाखवले आणि निदान केले: अहंगंड, आणि तोही पुढच्या पायरीवरचा. नवऱ्याला ताबडतोब दूर करण्यात आले. ‘इतर’ सदरातला दोरखंड व्हरांड्यात आडवा बांधून त्याला पलीकडच्या बाजूला, पुरुषांच्या वर्गात पाठवले. शिकलेल्या माणसांनी दोरी बांधली आहे म्हणजे तिला अर्थ असणार, अशी त्याची समजूत दिसली. दिवसातून अनेकदा तो दोरीपाशी येऊन उभा राही आणि डॉक्टरांची नजर गेली की मागे सरके. बाईने त्यानंतर मुरमुरेही नाकारले. यावरून निदान बरोबर असल्याचे डॉक्टरांनी आम्हाला समजावून दिले. पूजेच्या सुट्ट्या संपल्या की मनोरुग्णालयाची गाडी येईल आणि तिला घेऊन जाईल, असे ठरले.

त्या रुग्णालयात मी विद्यार्थिनी म्हणून एकदा गेले होते. आत जाणे सोपे होते, सहीचे काम. बाहेर यायला मात्र कुणीतरी न्यायला यावे लागे. पत्ता पुसलेल्या, नवऱ्यापासून दोरीने तोडलेल्या, घर पाण्यात गेलेल्या बाईला न्यायला कोण येणार होते आणि कुठे? हे मला स्वच्छ दिसत होते. शिवाय मला शास्त्रीय शंकाही होती. अहंगंडाचा रोगी दुसऱ्यांच्या तांदळातले खडे निवडत नाही. ही बाई निवडत होती. परक्यांची रडकी पोरे मांडीवर घेत होती. फक्त स्वतःचे पान पुढे आले की भिंत. मी शंका बोलून दाखवली तेव्हा डॉक्टर म्हणाले, “पोरी, पुस्तकं थोडी बाजूला ठेव. अनुभव बोलतोय.” अनुभव बोलत असताना मध्ये बोलू नये, एवढी शिस्त प्रशिक्षणात मिळालेली होती.

नवरात्रातल्या अष्टमीला आमच्याकडे सवाष्णी जेवायला होत्या. त्यांत एक काकू होत्या, तिसऱ्या पिढीच्या कोलकातावासी, मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या. बदल्यांवर आलेल्या आम्हा कुटुंबांना काकूंच्या मराठीची मोठी करमणूक होती. त्या बंगाली वळणाने ‘चहा पितेस का’ऐवजी ‘चहा खातेस का’ म्हणत, आणि आमच्यातल्या बायका घरी जाऊन त्याची नक्कल करत. मागच्या हळदीकुंकवाला आईने फक्त बदलीवाल्यांना बोलावले होते, त्यामुळे काकूंनी आमच्याकडे येणे बंद केले होते. या वेळी आई स्वतः त्यांच्या घरी जाऊन बोलावून आली, म्हणून त्या आल्या.

पाने वाढता वाढता आई म्हणाली, “वहिनी, आमचा राग गेला ना?”

“राग कशाला? राग परक्यांवर. मी तुमच्यावर अभिमान केला होता.”

बँकेच्या अधिकाऱ्यांच्या पत्नीला हसू आवरेना. “अहो, ‘तुमचा अभिमान वाटतो’ म्हणा. अभिमानाला ‘वर’ लावतात का कधी?”

“तुमचा काय म्हणून वाटेल?” काकू शांतपणे म्हणाल्या. “तुमच्यावर केला होता. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुम्हाला त्यातली एकच येते.”

मी हातातले वरणाचे भांडे खाली ठेवले. ‘वर’. मी टिपणातून गाळलेला तोच प्रत्यय, आमच्याच ओसरीत, नथ घालून बसला होता.

काकूंना मी स्वयंपाकघरात ओढले आणि विचारले की म्हणजे नक्की काय. त्यांनी भूगोलाच्या बाईंना शोभेल अशा नेमकेपणाने सांगितले. जो आपला आहे त्यानेच दुखावले की होतो तो. परक्याने दुखावले तर राग येतो, भांडता येते. आपल्याने दुखावले तर तोंडच मिटते. मराठीत ‘रुसवा’ आहे, पण तो तुम्ही लहान मुलांना आणि नव्या नवरीला देऊन टाकलात. मोठ्या माणसाने रुसायचे म्हटले तर तुमच्याकडे शब्दच नाही.

“आणि त्यावर उपाय?”

“ज्याच्यावर केला त्याने यायचं. स्वतःहून. आणखी कोणता उपाय?”

“आणि तो आलाच नाही तर?”

काकूंनी माझ्याकडे पाहिले. “न येऊन चालत नाही, बाबा. म्हणून तर लोक येतात.”

आम्ही त्याला येऊ देत नव्हतो. मोठ्या शास्त्रशुद्ध पद्धतीने, सरकारी दोरखंड बांधून. रोगावरचे एकमेव औषध आम्ही रोग्याच्या डोळ्यांदेखत व्हरांड्यात अडवून ठेवले होते, आणि ते दिसते पण येत नाही याचा तिने जो अर्थ घ्यायचा तो घेतला होता.

मनोरुग्णालयाची गाडी ज्या सकाळी येणार होती त्या सकाळी मी काकूंना बरोबर घेऊन बागबाजारात गेले. गाडी आधीच फाटकात उभी होती. डॉक्टर कागदावर सही करण्याच्या बेतात होते. मी एका दमात सगळे सांगितले: शब्द, प्रत्यय, टिपणातली चूक. डॉक्टरांनी ऐकून घेतले.

“म्हणजे निदान आता व्याकरणावरून करायचं?” ते म्हणाले.

“आत्तापर्यंतचं कशावरून केलं होतं?” काकूंनी विचारले. “माझ्या मराठीवर सगळे हसतात, डॉक्टरसाहेब. तुमच्या बंगालीवर हसायची सोय नाही, तुम्ही सही करता.”

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली नाही, पण सहीही केली नाही. गाडीवाल्याला चहा पिऊन यायला सांगितले. फौजेत याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. तेवढा वेळ आम्हाला पुरेसा होता.

नवरा नेहमीप्रमाणे दोरीपाशी उभा होता. काकूंनी त्याला खिचडीची थाळी दिली आणि जा म्हणाल्या. तो दोरीखालून वाकून आला आणि सगळ्या वर्गादेखत, बायकापोरांच्या मधोमध, बायकोपासून हातभर अंतरावर बसला. ती भिंतीकडेच बघत होती. मी दारात उभी होते, आणि खरे सांगायचे तर माझ्या एम.एस्सी.त अशा प्रसंगी हात कुठे ठेवावेत हे शिकवलेले नव्हते.

त्याने थाळी दोघांच्या मध्ये ठेवली. मग म्हणाला, “गाय आधी नेली. तू हाक मारायला हवी होतीस.”

ती भिंतीशी बोलली. आवाज घोगरा, न वापरलेला. “मारली होती.”

तो अंगठ्याने थाळीची कड पुसू लागला.

“ऐकू आली नाही?” तिने विचारले.

त्याला खोटे बोलता आले असते. पाण्याचा आवाज होता, वारा होता, कुणीही मान्य केले असते. मी असते तर तेच सुचवले असते. बॉम्बहल्ल्याची पुस्तिकाही तेच म्हणाली असती.

“आली होती,” तो म्हणाला.

तिने मान वळवली. इतक्या दिवसांत प्रथमच मला तिचे डोळे नीट दिसले. त्यांत अहंगंड नव्हता, बरे वाटल्याची खूणही नव्हती. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तो खाली बघत राहिला. त्या बघण्यातले किती सहन होण्यासारखे होते ते त्या दोघांना माहीत. मग ती म्हणाली, “मग इतके दिवस होतात कुठे?”

त्याने हनुवटीने दाराकडे, म्हणजे आमच्याकडे, दाखवले. “यांनी येऊ दिलं नाही.”

आता ती आमच्याकडे बघू लागली. डॉक्टर, मी, मागे मंडळाचे चिटणीस. तिच्या त्या नजरेत आम्हा सर्वांचे प्रशिक्षण जितके पूर्ण झाले तितके आधी किंवा नंतर कधी झाले नाही. चिटणीसांनी चष्मा पुसायला घेतला. तिने थाळी ओढून घेतली, एक घास खाल्ला, आणि मीठ नाही असे नवऱ्याला सांगितले, जणू खिचडीही त्यानेच बिघडवली होती. तो मीठ आणायला उठला.

डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. सहा-सात पावलांनंतर त्यांचा आवाज पूर्ववत झाला. विलगीकरणाचा परिणाम दिसायला वेळ लागतो, असे त्यांनी चिटणीसांना सांगितले. योग्य क्षणी नातेवाईक परत आणणे हाच त्यातला खरा कस असतो. पुढच्या प्रशिक्षणात हे उदाहरण घेता येईल. फाटकात गाडीवाला अडून बसला होता. रोगी नेण्याचा हुकूम आहे, रिकामी गाडी परत नेली तर पेट्रोलचा जाब कोण देणार? बरीच चर्चा झाली. डॉक्टरांची बराकपूरची गाडी सुटायची वेळ होत आली होती. शेवटी सर्वांच्या सोयीचा तोडगा निघाला आणि मनोरुग्णालयाची गाडी त्यांना सियालदाला सोडायला घेऊन गेली. मागच्या जाळीच्या खिडकीतून त्यांनी आम्हाला हात केला. आम्हीही केला.

मी वर्गात परत आले तेव्हा बाई पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली होती. शेजारी रिकामी थाळी होती. नवरा दारात मीठ मुठीत धरून उभा होता. ते द्यायचे राहून गेले होते, आणि ती बिनमिठाचेच सगळे जेवली होती. पुन्हा बोलणे बंद झाले का, असे मी त्याला हळूच विचारले, या वेळी ‘ओपोर’ न गाळता.

“नाही, दिदी,” तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. “बोलली. मला मूर्ख म्हणाली. गाईला कोण बघतं म्हणून विचारलं, आणि परत मूर्ख म्हणाली.”